रस गाळणारा दगडी स्पंज

घरात औषधाच्या गोळ्यांचे एखादे रिकामे पाकीट पडले असेल तर ते हातात घ्या. त्याच्या मागच्या बाजूला जो चंदेरी पापुद्रा दिसतो, तो ॲल्युमिनियमचा असतो. त्याची जाडी साधारणपणे ०.०२ ते ०.०२५ मिलिमीटर असते. तुमच्या डोक्याचा केस याच्या सुमारे तिप्पट जाड भरेल! एवढासा हा पापुद्रा, पण पावसाळ्याच्या दमट हवेपासून गोळीचे रक्षण करण्याचे काम त्याच्याकडे असते. त्याला सुईच्या अग्राहून बारीक भोक पडले, तरी हवेतील बाष्प आत शिरते आणि औषध खराब होऊ लागते.

आता असे समजा की, ज्या ॲल्युमिनियमपासून हा पापुद्रा लाटला, त्यात ०.०३ मिलिमीटरचा एक कठीण कण राहून गेला होता. काय होईल? कणकेत ज्वारीचा दाणा राहिला आणि तुम्ही पोळी लाटू लागलात, तर जे होते तेच. पोळी पातळ होत होत दाण्याच्या जाडीला आली की तेथेच फाटते. पापुद्रा फाटला तर निदान दिसतो तरी. परंतु मोटारीच्या चाकाला धरून ठेवणारा एखादा ओतीव भाग असेल आणि त्याच्या पोटात असा कण दडलेला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही. गाडी हजारो वेळा खड्ड्यांतून जाते, प्रत्येक हिसक्याबरोबर त्या कणाच्या कडेपासून केसासारखी भेग थोडीथोडी पुढे सरकते, आणि एके दिवशी तो भाग कटकन मोडतो. म्हणून धातू साच्यात ओतण्यापूर्वीच हा कचरा काढून टाकणे भाग असते.

हा कचरा येतो कोठून? बराचसा हवेतून, म्हणजे हवेतील ऑक्सिजनमुळे. ॲल्युमिनियमच्या रसाचा हवेशी संबंध आला की त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय धरते. दुधावरची साय मऊ असते, ही मात्र कुरुंदाची असते! कुरुंद म्हणजे धार लावायच्या चाकातील कठीण द्रव्य. रस एका भांड्यातून दुसऱ्यात ओतला की ती साय मोडते, दुमडते आणि तिचे तुकडे रसात मिसळतात. बिडाच्या रसात भट्टीच्या अस्तराचे कण, साच्यातील वाळू आणि मळी हे सोबती असतात. मळी हलकी असल्यामुळे बरीचशी वर तरंगते व झाऱ्याने काढता येते. सायीचे पातळ पापुद्रे मात्र ना धड तरंगत, ना धड तळाशी बसत. ते रसाबरोबर वाहत राहतात.

मग रस गाळून का घेऊ नये? चहा आपण गाळतोच की!

कशाने गाळायचा?

चहा ९५ अंशांच्या आसपास असतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते ७०० ते ७५० अंशांवर असते. बिडाचा रस १,३५० ते १,४५० अंशांवर ओततात, तर पोलादाचा सुमारे १,६०० अंशांवर. कापड तर विसराच. लोखंडी तारेची जाळी घ्यावी, तर बिडाच्या रसात ती स्वतःच वितळेल. ॲल्युमिनियमच्या रसाचे तापमान लोखंडाच्या वितळणबिंदूपेक्षा बरेच कमी असले तरी तेथेही ती चालत नाही, कारण लोखंड ॲल्युमिनियमच्या रसात हळूहळू विरघळते. कचरा काढायला जावे आणि नवा कचरा घालून यावे, असा तो प्रकार! काचतंतूंचे विणलेले कापड ॲल्युमिनियमसाठी वापरतात, पण त्यात मोठे तुकडेच अडकतात.

उरली ती मातीची जात. मडके, वीट, कपबशी, मोटारीच्या स्पार्क प्लगमधील पांढरी नळी ही सगळी मंडळी या जातीची. यांना सिरॅमिक म्हणतात. आगीतूनच जन्मलेली असल्याने यांना आगीचे भय नसते. तेव्हा कौलासारखा एक तुकडा घेऊन त्याला भोके पाडली की झाली गाळणी, असे तुम्ही म्हणाल. अशा गाळण्या आहेतही. परंतु त्यात एक अडचण आहे. भोके मोठी ठेवली तर कचरा निघून जातो आणि बारीक ठेवली तर रस पुढे जात नाही.

रस बारीक भोकातून का जात नाही, हे पाहण्यासारखे आहे. पाऱ्याचा थेंब काचेवर कसा गोळी होऊन बसतो, ते तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. वितळलेला धातूही सिरॅमिकवर तसाच वागतो. तो सिरॅमिकला भिजवत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या रसाचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.८७ न्यूटन, म्हणजे पाण्याच्या बारापट. केशनलिकेत पाणी वर चढते, पण पारा खाली दबतो. तसाच हा रस बारीक भोकात शिरायला नकार देतो. त्याला आत ढकलायचे तर वर रसाचा स्तंभ उभा करावा लागतो. त्याची उंची तुम्हीच काढू शकाल. पृष्ठताणाची दुप्पट करा आणि तिला घनता, गुरुत्वप्रवेग व भोकाची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागा. अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येचे भोक घेतले आणि रस मुळीच भिजवत नाही असे धरले, तर १.७४ ला २,४०० × ९.८ × ०.०००५ ने भागायचे. उत्तर येते ०.१५ मीटर, म्हणजे एक वीतभर उंचीला थोडी कमी. एवढा रस वर साचल्याशिवाय पहिला थेंब आत जायचा नाही. भोक निम्मे केले की उंची दुप्पट. ओतशाळेतील साच्यांत एवढी उंची नेहमीच कोठे मिळणार?

तेव्हा हवे आहे ते असे : भोके फार बारीक नकोत, पण ती भरपूर हवीत, एकमेकांना जोडलेली हवीत आणि वाकडीतिकडी हवीत. रसाला शंभर वळणे घेत जावे लागले पाहिजे. घन भाग दहा-पंधरा टक्के आणि उरलेली सारी पोकळी. अशी वस्तू तुम्ही रोज पाहता. भांडी घासायचा स्पंज! फक्त तो दगडाचा हवा.

स्पंजाचा दगड

ही युक्ती कार्ल श्वार्त्सवाल्डर आणि आर्थर सोमर्स या दोन अमेरिकनांची. जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या वतीने घेतलेले त्यांचे एकस्व १९६३ साली मंजूर झाले. स्पार्क प्लगच्या सिरॅमिकशी श्वार्त्सवाल्डर यांची जुनी ओळख होती. त्यांची कृती इतकी सोपी आहे की वाचल्यावर ‘हे तर मलाही सुचले असते’ असे वाटावे. स्पंजाला सिरॅमिकच्या चिखलात बुडवा, पिळा, वाळवा आणि भट्टीत घाला. स्पंज जळून जातो, त्याच्यावरचा चिखल भाजून पक्का होतो आणि स्पंजाच्या रूपाचा दगड हाती येतो. कांस्यमूर्ती ओतणारे आपले कारागीर मेणाची मूर्ती मातीने लिंपतात आणि मेण वितळवून काढून टाकतात. त्याच कुळातील ही युक्ती म्हणायला हरकत नाही. मात्र तेथे मातीच्या आतली पोकळी कामाला येते, येथे मातीच कामाची असते.

कृती सोपी, पण तिच्या प्रत्येक पायरीवर निसरडे आहे. एकेक पायरी पाहू.

प्रथम स्पंज. हा पॉलियुरेथेन नावाच्या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा असतो. गादीतील फोम तोच. दोन द्रव एकत्र केले की त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या बनू लागतात. त्याच वेळी मिश्रणातील थोडे पाणी एका द्रवाशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडते. या वायूने मिश्रण फुगते आणि फुगलेल्या अवस्थेतच घट्ट होते. इडलीचे पीठ फुगते तेही याच वायूने. म्हणजे हा स्पंज म्हणजे गोठलेला फेसच.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण फेस हा भौतिकशास्त्राचा फार सुंदर विषय आहे. साबणाच्या फेसाकडे भिंगातून पाहा. कोठेही पाहिले तरी एका कडेवर तीनच पडदे भेटतात आणि त्यांच्यात १२० अंशांचे कोन असतात. एका बिंदूपाशी चारच कडा भेटतात आणि त्यांच्यात सुमारे १०९.५ अंशांचे कोन असतात. हे नियम बेल्जियममधील झोसेफ प्लातो यांनी मांडले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला, आणि नवल असे की त्याआधी सुमारे तीस वर्षांपासून ते पूर्ण अंध होते. प्रयोग ते सांगत आणि पाहून वर्णन करीत दुसरे! पुढे १८८७ साली लॉर्ड केल्विन यांनी विचारले की, सारख्या आकारमानाच्या बुडबुड्यांनी जागा भरायची आणि पडदे कमीत कमी लागू द्यायचे, तर बुडबुड्याचा आकार कोणता? त्यांचे उत्तर होते चौदा तोंडांचा घन. १९९३ साली डब्लिनच्या वेअर आणि फेलन यांनी त्याहून सुमारे ०.३ टक्के काटकसरीची रचना शोधून काढली. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमधील पोहण्याच्या तलावाची बुडबुड्यांसारखी दिसणारी इमारत या रचनेवरून घेतली होती.

आपल्या कामाचे यातले एवढेच की, जेथे तीन पडदे भेटतात तेथील द्रवाच्या कडेचा छेद तीन बाजूंनी आत दबलेल्या त्रिकोणासारखा असतो. फेस गोठला की याच कडा स्पंजाच्या काड्या होतात. त्या गोल नसतात, त्रिकोणी असतात. हा त्रिकोण पुढे त्रास देणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

बुडबुड्यांमधील पडदे मात्र आपल्याला नकोत, कारण ते रसाची वाट अडवतील. त्यासाठी स्पंज एका बंद पात्रात ठेवून त्यात हायड्रोजन व ऑक्सिजनचे मिश्रण भरतात आणि ठिणगी पाडतात. क्षणभराच्या ज्वाळेत पातळ पडदे वितळून नाहीसे होतात, जाड काड्या तशाच राहतात. दाहक सोड्याच्या द्रावणात ठेवूनही पडदे काढता येतात. उरते ती नुसती जाळी. तिची बारकाई एका इंचात किती छिद्रे येतात यावरून सांगतात. पोलादासाठी दहा, बिडासाठी दहा ते वीस, ॲल्युमिनियमसाठी तीस किंवा त्याहून बारीक, असा साधारण हिशेब असतो.

दुसरी पायरी चिखलाची. यात कोणती पूड घालायची ते धातूवर ठरते. ॲल्युमिनियमसाठी ॲल्युमिना, बिडासाठी सिलिकॉन कार्बाइड आणि पोलादासाठी झिर्कोनिया. पूड पिठाहूनही बारीक लागते. ती पाण्यात कालवून त्यात थोडी बेंटोनाइटसारखी माती घालतात. ही माती कशासाठी? विचार करा. स्पंज चिखलात दाबताना चिखल पातळ हवा, म्हणजे तो कानाकोपऱ्यांत जाईल. पण स्पंज बाहेर काढल्यावर तोच चिखल घट्ट हवा, नाहीतर तो गळून जाईल. एकाच चिखलाने दोन स्वभाव दाखवायचे! बेंटोनाइट ही किमया करते. तिचे कण अतिशय पातळ पत्र्यांसारखे असून स्थिर असताना ते पत्त्यांच्या घरासारखे एकमेकांना टेकून उभे राहतात. हलवले की घर मोडते आणि चिखल वाहू लागतो. थांबले की घर पुन्हा उभे राहते. टोमॅटो सॉसची बाटली उलटी धरली तर सॉस पडत नाही आणि झटका दिला की भसकन पडतो, त्याचे कारणही याच प्रकारचे आहे.

भिजलेला स्पंज दोन लाटांमधून दाबून जादा चिखल काढतात. येथे हात बेतशीर लागतो. कमी पिळला तर छिद्रे बुजतात, जास्त पिळला तर काड्यांवर पुरेसा लेप राहत नाही. लेप किती असावा याला मोल आहे. अशा जाळीची ताकद तिच्यातील घन भागाच्या प्रमाणाच्या दीड घाताने वाढते, हे गिब्सन आणि ॲशबी या अभ्यासकांनी दाखवले. घन भाग १० टक्क्यांवरून २० टक्के केला तर ताकद दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होते. मोह होतो खरा, पण मग रसाची वाट अरुंद होते.

यानंतर वाळवणे आणि जाळणे. मला विचाराल तर सगळ्यात जोखमीची पायरी हीच. तापवू लागले की पॉलियुरेथेन आधी प्रसरण पावते आणि मग दोन-चारशे अंशांच्या दरम्यान त्याचे विघटन होऊन वायू बनतात. चिखल तर अजून कच्चा, नुसता वाळलेला असतो. घाई केली तर आतल्या वायूने आणि प्रसरणाने कोवळा लेप ठिकठिकाणी तडकतो. म्हणून हे तापमान तासन्तास हळूहळू चढवतात. स्पंज गेल्यावर मग खरी भाजणी. पूड कोणती त्याप्रमाणे १,००० ते १,६०० अंशांच्या दरम्यान ती होते आणि कण एकमेकांना चिकटून पक्के होतात.

आता तो त्रिकोण आठवा. स्पंजाची काडी जळून गेली, पण तिची जागा रिकामीच राहिली. म्हणजे दगडी काडी आतून पोकळ आणि पोकळीला तीन टोकदार कोपरे. शिवाय काडीच्या टोकदार कडांवर चिखलाचा लेप मुळातच पातळ बसलेला असतो. भेगा सुरू होतात त्या याच कडांवर. उपाय म्हणून पहिल्या भाजणीनंतर पुन्हा एकदा पातळ चिखलाचा हात देतात, किंवा पात्रातील हवा काढून घेऊन चिखल त्या पोकळ्यांत ओढून घेतात. काम वाढते, खर्च वाढतो, पण काडी मजबूत होते.

गाळणी कामाला लागते

एकस्व १९६३ चे असले तरी धातू गाळण्यासाठी या दगडी स्पंजाचा वापर सुरू झाला तो १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत. पेयांचे डबे आणि पातळ पत्रे करणाऱ्यांना स्वच्छ धातूची निकड होती. डब्याची भिंत सुमारे ०.१ मिलिमीटरची. तेथे कचऱ्याचा एक कण म्हणजे एक गळका डबा. पुढे बीड आणि पोलाद ओतणाऱ्यांनीही ही गाळणी उचलली.

आपल्याकडे ती पाहायची असेल तर कोल्हापूरला जा. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत ओतशाळांचे जाळेच आहे. एके काळी शेतीच्या तेल-इंजिनांसाठी आणि नंतर मोटारी व ट्रॅक्टरसाठी तेथे बिडाचे ओतीव भाग बनत आले आहेत. आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी तेथील एका ओतशाळेत गेलो होतो. मिस्त्रींनी साचा फोडून ओतीव भाग बाजूला काढला आणि रस ज्या वाटेने आला त्या वाटेचा गोठलेला दांडा घणाने मोडून आमच्यासमोर धरला. मधोमध काळी जाळी धातूत रुतून बसलेली. तिच्या अलीकडे काळपट, खरबरीत थर आणि पलीकडे करडे, चकचकीत बीड. “सर, ही घाण बघा. जाळी नसती तर ही समदी आत गेली असती, आणि आमाला कळलं असतं ते गिऱ्हाइकानं माल परत पाठवल्यावर,” मिस्त्री म्हणाले. एका मुलाने विचारले, “ही जाळी धुऊन पुन्हा वापरता का?” मिस्त्री हसले. धातू गोठलेली जाळी धुणार कशी? तो दांडा जाळीसकट पुन्हा भट्टीत जातो आणि जाळी मळीबरोबर वर येते. म्हणजे एवढ्या खटपटीने बनवलेली ही वस्तू काही सेकंद काम करते आणि संपते.

या काही सेकंदांत तिला काय सोसावे लागते ते पाहा. खोलीच्या तापमानाची ती जाळी एका क्षणात १,४०० अंशांच्या रसाखाली येते. गरम काचेच्या पेल्यावर थंड पाणी पडले की तो तडकतो, कारण एक भाग आकसतो आणि दुसरा आकसत नाही. येथे उलट दिशेने तसेच होते, आणि फरक हजारावर अंशांचा! सिलिकॉन कार्बाइड यातून वाचते, कारण ते उष्णतेने फार कमी प्रसरण पावते आणि उष्णता झटपट पसरवते. काड्याही बारीक असल्याने लवकर सारख्या तापतात. झिर्कोनियाचे दुखणे निराळे. तापवताना सुमारे १,१७० अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमान चार-पाच टक्क्यांनी बदलते. एवढ्याने त्याचे तुकडे होतील. म्हणून त्यात थोडे मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून ती रचना आवरून धरतात.

जाळी हलकी असण्याचे आणखी एक कारण आहे. ५ × ५ × २.२ सेंटिमीटरची गाळणी घ्या. तिचे आकारमान ५५ घनसेंटिमीटर. त्यातील १५ टक्केच घन आणि सिलिकॉन कार्बाइडची घनता ३.२, म्हणून वजन सुमारे २६ ग्रॅम. एवढ्याला १,४०० अंशांपर्यंत तापवायला ३९ किलोजूलच्या आसपास उष्णता लागते आणि ती रसातूनच जाते. पहिला एक किलो रस तिने ४५-५० अंशांनी थंड होईल. गाळणी याच्या तिप्पट जड असती तर पहिलाच रस छिद्रांत गोठून वाट बंद झाली असती.

आता मूळ प्रश्न. जाळीची छिद्रे जर मिलिमीटरच्या मापाची, तर ०.०३ मिलिमीटरचा कण तिच्यात अडकतो कसा? चहाच्या गाळणीचा विचार येथे सोडून द्यायला हवा. त्याऐवजी नगरपालिकेच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातील वाळूची गाळणी आठवा. तेथेही वाळूच्या कणांमधील फटी गाळाच्या कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात, तरी गाळ राहतो. वाकड्या वाटेने जाताना कण केव्हा ना केव्हा भिंतीला लागतो. एकदा लागला की सुटत नाही, आणि याचे कारण पुन्हा तोच पृष्ठताण. रस सिरॅमिकलाही भिजवत नाही आणि ऑक्साइडच्या कणालाही नाही. दोघे एकमेकांना चिकटले की रसाला नकोसा असलेला संपर्क तेवढा कमी होतो, आणि निसर्गाला ही काटकसर आवडते. ज्या गुणामुळे रस आत शिरायला कुरकुर करीत होता, तोच गुण कचरा धरून ठेवायला उपयोगी पडतो. मोठे तुकडे अर्थात तोंडापाशीच अडकतात, आणि त्यांचा थर जमला की तो थरच बारीक गाळणीचे काम करू लागतो.

शिवाय जाळीतून निघालेला रस शांत होतो. उसळत आलेला प्रवाह शेकडो लहान धारांत वाटला जाऊन संथपणे साच्यात उतरतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. रस सेकंदाला अर्ध्या मीटरहून वेगाने साच्यात शिरला तर त्याचा पृष्ठभाग उसळून मोडतो आणि पुन्हा नवी साय आत दुमडली जाते. गाळून घेतलेला रस पुढे धबधब्यासारखा पाडला तर गाळण्याचे श्रम पाण्यात जातात. अशी चूक करणारे कारखाने आहेत, असे या धंद्यातले लोकच सांगतात.

जळून न जाणारे पॉलिमर

आतापर्यंतच्या गोष्टीत पॉलिमरचे काम जळून जाण्याचे होते. पण एक पॉलिमर असेही आहे, जे भट्टीत गेल्यावर स्वतःच सिरॅमिक बनते!

नेहमीच्या पॉलिमरच्या साखळीचा कणा कार्बनचा असतो, म्हणून तो जळून धूर होतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा, म्हणजे वाळूत असतात त्याच अणूंचा. अशी राळ नायट्रोजनमध्ये, हवा न लागू देता, १,००० ते १,२०० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातील हायड्रोजन आणि थोडा कार्बन वायुरूपाने निघून जातो. मागे उरते सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बन यांची काळी, कठीण काच. या वाटेचा मोठा टप्पा गाठला तो जपानच्या सेइशी याजिमा यांनी. त्यांनी १९७५ साली सिलिकॉन-कार्बनच्या कण्याच्या पॉलिमरचा धागा काढून तो भाजला आणि सिलिकॉन कार्बाइडचा तंतू मिळवला. दगडाचा धागा ओढता येत नाही, पण पॉलिमरचा येतो. आधी मऊ असताना हवा तो आकार द्यायचा आणि मग दगड करायचा.

मग फेस का करू नये? इटलीतील पाडुआ विद्यापीठात पाओलो कोलोंबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोनची राळ पॉलियुरेथेनच्या द्रवांत मिसळून एकत्रच फुगवली आणि तो फोम नायट्रोजनमध्ये भाजला. चिखल नाही, पिळणे नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे काडी पोकळ नाही! तो त्रासदायक त्रिकोण येथे जन्मालाच येत नाही.

अर्थात फुकट काही मिळत नाही. १०० ग्रॅम राळेपासून सुमारे ८० ग्रॅम सिरॅमिक मिळते असे धरू. राळेची घनता १.१ म्हणजे आकारमान ९१ घनसेंटिमीटर. काळ्या काचेची घनता २.२ म्हणजे आकारमान ३६. शंभरातले चाळीसच उरले. घनमूळ काढा : प्रत्येक बाजू सुमारे २६ टक्क्यांनी आखडली. दहा सेंटिमीटरची वीट साडेसात सेंटिमीटरच्या आत येते. अशी भरीव वीट भाजायला गेलात तर आतले वायू बाहेर पडायला वाट न मिळून ती फुटेल. फोमच्या काड्या मात्र बारीक असल्याने वायू सहज निसटतात आणि सगळी जाळी एकसारखी आखडते. म्हणजे या पदार्थाला फोमचेच रूप सोयीचे. त्याची मर्यादा तापमानाची आहे. सुमारे १,३०० अंशांच्या वर त्यातील कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांशी क्रिया करून वायू सोडू लागतात. तेव्हा पोलाद गाळण्याचे काम त्याचे नव्हे. राळ महागही आहे. कारखान्यांतून निघणारे गरम वायू गाळणे, उत्प्रेरकाला आधार देणे अशा कामांसाठी तो अधिक शोभतो. दगडी स्पंजाला अशी दुसरी कामेही पुष्कळ मिळू लागली आहेत. गुवाहाटीच्या आय.आय.टी.मधील अभियंत्यांनी स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीत सिलिकॉन कार्बाइडची सच्छिद्र तबकडी बसवली आहे. तीत गॅस जाळीच्या आतच जळतो आणि लालभडक तापलेली जाळी भांड्याकडे उष्णता प्रारणाने पाठवते.

यातले काही करून पाहावेसे वाटत असेल तर एक सूचना आधी देतो. गादीचा फोम किंवा भांड्यांचा स्पंज घरी कधीही जाळू नका. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे अत्यंत विषारी वायू असतात. त्याऐवजी परसातील वेलीवर वाळलेले घोसाळे घ्या. साल आणि बिया काढल्यावर उरते ती अंग घासायची जाळी. ती रात्रभर पाण्यात भिजवून पिळून घ्या. गणपतीच्या शाडूची बारीक पूड चाळून दाटसर ताकाइतकी पातळ कालवा आणि जाळी तिच्यात दाबून सोडा, पुन्हा दाबून सोडा. बाहेर काढून हलकेच पिळा, सावलीत दोन दिवस वाळवा आणि आणखी एक हात द्या. गावात कुंभार असेल तर त्याच्या भट्टीत मडक्यांच्या मध्ये ती ठेवायला सांगा. भाजण्यापूर्वी आणि नंतर लांबी-रुंदी मोजून ठेवा, आणि एखादी काडी मोडून तिच्या टोकाकडे भिंगातून पाहा. आतला धागा होता तेथे काय दिसते, त्याचे चित्र काढा.